‘रिपोर्ट निगेटिव्ह’ एवढ्यावर केस बंद करू नका : पुण्यातील कॅज्युअल्टी विभागांना आणि पोलिसांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य अधिकारी, पुणे महानगरपालिका आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिका,
वैद्यकीय अधीक्षक आणि कॅज्युअल्टी प्रमुख, शहरातील सरकारी, पालिका व खासगी रुग्णालये,
पोलीस आयुक्त, पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड,
प्राचार्य आणि वसतिगृहांचे रेक्टर.

विषय : कृत्रिम कॅनाबिनॉइडमुळे (गांजाच्या जातीची, प्रयोगशाळेत बनवलेली नशेची द्रव्ये) होणारा सायकोसिस (भास-भ्रमांत वास्तवाचे भान सुटणे), पहिल्या रात्रीचे उपचार आणि नंतरचा पाठपुरावा.

स. न. वि. वि.

अमली पदार्थ तपासणाऱ्या लघवीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, तर रिपोर्ट निगेटिव्ह असतो. गर्भचाचणीच्या अगदी उलट. ‘टी’ समोरची रेघ उमटलीच नाही तर पॉझिटिव्ह, आणि फिकट का होईना पण दिसली तर निगेटिव्ह. नातेवाइकांचे सोडा, रात्रपाळीचा नवखा इंटर्नही कधी कधी हे उलटे वाचतो. पण पट्टी बरोबर वाचली तरी एक मोठी चूक शिल्लक राहते. हे पत्र तिच्याबद्दल आहे.

गांजाची पट्टी गांजा शोधत नाही. गांजातल्या टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचे, शरीरात विघटन झाल्यावर जो एक ठरावीक पदार्थ लघवीत उतरतो, तेवढाच ती ओळखते. तोही साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये ५० नॅनोग्रॅमच्या वर असेल तरच. ‘स्पाइस’, ‘के-टू’, ‘हर्बल मिक्स’, ‘अगरबत्तीची पावडर’ अशा नावांनी जगभर विकली जाणारी कृत्रिम कॅनाबिनॉइड्स मेंदूतल्या त्याच कुलपात बसतात, पण त्या किल्लीची घडण वेगळी असते. पट्टीवरच्या अँटिबॉडीला ती दिसतच नाही. म्हणजे पोराने तासाभरापूर्वी भरपूर ओढले असेल आणि भिंतीशी बोलत असेल, तरी गांजाच्या चौकटीत दोन स्वच्छ रेघा येणार.

मग तीनपैकी एक गोष्ट होते. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे, परीक्षेचं टेन्शन दिसतंय’ म्हणून एक इंजेक्शन देऊन पहाटे घरी पाठवले जाते. किंवा पहिल्याच रात्री केसपेपरवर ‘स्किझोफ्रेनिया’ लिहिले जाते आणि तो शब्द पुढची अनेक वर्षे कुटुंबाच्या मानगुटीवर बसतो. किंवा ‘नशा नाही, वेडही नाही, म्हणजे मस्ती आहे’ असे ठरून मुलगा चौकीत बसवला जातो. या तिन्ही वाटा टाळता येतात. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, महागडे यंत्रही लागत नाही. कोणत्या क्रमाने काय करायचे, हे ठरलेले असावे लागते.

आधी हा पदार्थ काय आहे ते. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन यांच्या प्रयोगशाळेने मेंदूतल्या कॅनाबिनॉइड रिसेप्टरचा, म्हणजे त्या कुलपाचा, अभ्यास करण्यासाठी शेकडो रेणू बनवले. त्यातला जेडब्ल्यूएच-०१८ हा रेणू २००८च्या डिसेंबरमध्ये जर्मनीत ‘स्पाइस’ नावाच्या पुड्यांमध्ये सापडला. तेव्हापासून एकच खेळ सुरू आहे : सरकार एक रेणू बंदीच्या यादीत घालते आणि बनवणारे रेणूची शेपटी बदलून दुसरा बाजारात आणतात. नावे बदलत गेली आणि ताकद वाढत गेली. टीएचसी हे सीबी-१ नावाच्या या रिसेप्टरला अर्धवटच चालू करते. कितीही ओढले तरी त्या परिणामाला एक छत असते. कृत्रिम रेणू तोच रिसेप्टर पूर्ण क्षमतेने चालू करतात, त्याला जास्त घट्ट चिकटतात, आणि त्यांच्यापासून शरीरात तयार होणारे काही पदार्थही सक्रिय असतात. शिवाय गांजात टीएचसीचा परिणाम थोडा सौम्य करू शकणारे सीबीडी थोडेफार असते; इथे ते नसते. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका रस्त्यावर जुलै २०१६मध्ये एकाच दिवशी ३३ जण थिजल्यासारखे, कण्हत, लडखडत सापडले. त्या पुडीतला रेणू टीएचसीच्या सुमारे ८५ पट ताकदीचा निघाला. त्यामुळे ‘गांजासारखंच, फक्त जरा स्ट्राँग’ हे मुलांमध्ये फिरणारे वाक्य खोटे आहे, आणि पालकसभेत आपणही ते बोलू नये.

दुसरा धोका पुडीतच असतो. ही द्रव्ये सुक्या पाल्यावर फवारलेली असतात आणि फवारा कधीच सारखा बसत नाही. पाल्याच्या काही भागात काहीच नसते, काही भागात कित्येक पट असते, आणि चुरा खाली बसतो तशी पुडीच्या तळाशी तीव्रता वाढते. एकाच पुडीतून चौघांनी ओढले तर तिघे हसत बसतात आणि चौथा कोसळतो. ‘आम्हाला तर काहीच झालं नाही’ असे मित्र सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. पण त्यावरून डॉक्टरांनी निष्कर्ष काढू नये.

तिसरे, वास. रेक्टर, घरमालक आणि आई-वडील नाकावर विसंबतात. व्हेपमधल्या द्रवाला गांजाचा वास येत नाही. भारतात ई-सिगारेटवर २०१९पासून कायद्याने बंदी आहे, पण बंदीमुळे वस्तू नाहीशी झाली नाही, काउंटरखाली गेली. इंग्लंडमधल्या ३८ शाळांमध्ये मुलांकडून जप्त केलेल्या सुमारे ६०० व्हेपची बाथ विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली. २०२४मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार साधारण दर सहांत एका व्हेपमध्ये स्पाइस होते. बऱ्याच मुलांना आपण टीएचसीच ओढतोय असे वाटत होते. पुण्याच्या संदर्भात हे फार महत्त्वाचे आहे. ‘काय घेतलंस?’ या प्रश्नाला मुलगा ‘गांजाचं ऑइल’ म्हणेल ते प्रामाणिकपणे, आणि तरीही ते चूक असू शकेल.

पुण्यात चर्चा होते ती एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची. फेब्रुवारी २०२४मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत शेकडो किलो मेफेड्रोन पकडले गेल्यापासून तर ‘ड्रग्ज’ म्हणजे एमडी असे समीकरणच झाले आहे. एमडीचा प्रश्न गंभीर आहेच. पण लक्षात घ्या, नेहमीच्या पट्टीवरून मेफेड्रोनही अनेकदा निसटते, आणि दोन्ही मिसळून घेतलेला रुग्ण आला तर चित्र आणखी गढूळ होते. म्हणून आमचे पहिले मागणे साधे आहे. केसपेपरवर ‘यूडीएस (लघवीतल्या अमली पदार्थांची चाचणी) निगेटिव्ह’ असे मोघम लिहिणे बंद करा. पट्टीत कोणते पदार्थ तपासले त्यांची नावे लिहा आणि खाली एक ओळ छापून घ्या : ‘या चाचणीत कृत्रिम कॅनाबिनॉइड तपासले जात नाहीत.’

हा सायकोसिस दिसतो कसा? धूर आत गेल्यावर काही मिनिटांत सुरुवात होते. छाती धडधडते, घाम सुटतो, उलटी होते, तोंड पांढरे पडते. मग भीती. साधी घाबरगुंडी नव्हे. ‘मी मरतोय’, ‘हे मला मारायला आलेत’, ‘मोबाइलमधून माझे विचार बाहेर जातायत’ अशी खात्रीची भीती. आवाज ऐकू येतात, माणसे दिसतात. कुणी तासन्‌तास एकाच जागी पुतळ्यासारखा उभा राहतो, हात उचलून ठेवला तर तसाच ठेवतो. कुणी गॅलरीच्या कठड्यावर चढतो. बऱ्याच जणांचा जोर सहा-आठ तासांत ओसरतो, काहींचा दोन-तीन दिवस राहतो, आणि काहींचा आठवडे. रोज ओढणाऱ्याने अचानक बंद केले तर पहिल्या एक-दोन दिवसांतच झोप उडते, घाम, उलट्या, धडधड सुरू होते आणि क्वचित फिट येते. म्हणजे ‘आता तर त्याने सोडलंय, मग हे काय?’ या प्रश्नाचे उत्तर कधी कधी ‘सोडलंय म्हणूनच’ असे असते.

घरच्यांच्या मनात अशा वेळी ‘बाहेरचं’ येते. बाधा, करणी, कुणीतरी काही खायला घातले. त्यांच्यावर हसू नका. डोळ्यांदेखत मुलगा दुसराच कुणी झालेला असतो. एवढेच ठामपणे सांगा की अंगातले उतरवण्यासाठी मारहाण करणे, साखळीने बांधणे, धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३पासून गुन्हा आहे, आणि याच तासांत त्याच्या हृदयावर आणि मूत्रपिंडांवर ताण आलेला असतो.

आता कॅज्युअल्टी. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळे बिघडते ते इथेच.

मानसोपचारतज्ज्ञाला फोन करण्याआधी ग्लुकोमीटर लावा. साखर ७०च्या खाली असेल तर तीच आधी सुधारायची. साखर उतरलेला माणूसही असाच बरळतो, मारायला धावतो. मग ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन. डोक्याला मार आहे का, मान ताठ आहे का, फिट येऊन गेली का, हे बघा. नशा केली हे कळले म्हणून मेंदूज्वर किंवा कवटीतला रक्तस्राव नाही असे ठरत नाही; अशा मुलांचे पडणे, आपटणे नेहमीचे असते. भान क्षणात येते आणि क्षणात जाते, वार-ठिकाण सांगता येत नाही, अशी अवस्था असेल तर तो डिलिरियम (शारीरिक बिघाडामुळे आलेला बुद्धिभ्रंश) आहे असे धरून शरीरातले कारण शोधत राहा. होळी किंवा महाशिवरात्रीच्या आसपास भांग पिऊन आलेल्यात धोतऱ्याची विषबाधा आठवा : जीभ कोरडी ठक्क, कातडी तापलेली आणि घाम नाही, बाहुल्या मोठ्या, लघवी तुंबलेली. कृत्रिम कॅनाबिनॉइडमध्ये बहुधा घाम असतो. दोन्हींत रुग्ण हवेत काहीतरी वेचत असतो, पण उपचार वेगळे आहेत.

रक्तात पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि सीके (स्नायूंच्या इजेसाठी) पाठवा. ईसीजी काढा. विशीतल्या मुलाचा ईसीजी कशाला, असे वाटते. पण या पदार्थाने किशोरवयीन मुलांना हार्ट अटॅक आल्याच्या नोंदी आहेत. पोटॅशियम घसरते, नाडी फार वेगात किंवा उलट फार मंद जाते. मूत्रपिंडे निकामी होण्याचा एक झटका अमेरिकेतल्या अनेक राज्यांत २०१२मध्ये दिसला होता, तो याच गटातल्या पदार्थांमुळे. सीके नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या पाच पटींहून जास्त असेल, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल, तर स्नायू फुटत आहेत. सलाइन जोरात चालवा आणि लघवीचे माप ठेवा. हिरड्यांतून, नाकातून किंवा लघवीतून रक्त येत असेल तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची चाचणी, पाठवायला विसरू नका. २०१८मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात या पुड्यांमध्ये उंदीर मारायच्या विषाची, ब्रोडिफॅकमची, भेसळ निघाली आणि दीडशेहून अधिक माणसांना रक्तस्राव झाला. त्यांना व्हिटॅमिन के कित्येक महिने घ्यावे लागले.

शांत करण्याबद्दल. या पदार्थावर उतारा नाही. पहिली पसंती बेन्झोडायझेपाइन (बेन्झो) या शांत करणाऱ्या औषधांना : वयस्क रुग्णाला लोराझेपाम २ मिलिग्रॅम स्नायूत किंवा सावकाश शिरेतून, वीस-तीस मिनिटे वाट बघून गरज पडली तर पुन्हा. धडधड, घबराट आणि फिटचा धोका, तिन्हीला ते लागू पडते. दारूही प्यायला असेल तर श्वासावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. एवढ्याने भागले नाही तर हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम आणि त्यासोबत प्रोमेथाझिन २५ ते ५० मिलिग्रॅम स्नायूत. ‘सोबत’ या शब्दावर आमचा भर आहे. एकटे हॅलोपेरिडॉल दिले की तरुण मुलांची मान वाकडी होते, जीभ बाहेर येते, डोळे वर फिरतात. आणि बाहेर उभ्या आईला वाटते इंजेक्शनने पोरगा गेला. या जोडीवरच्या जगातल्या महत्त्वाच्या चाचण्यांपैकी दोन आपल्याच देशात, वेल्लोरला झाल्या आहेत; म्हणजे हे कुठल्या दूरच्या देशाचे पुस्तकी ज्ञान नाही. पण ईसीजीत क्यूटीसी (ठोक्याच्या विद्युत चक्राचा एक कालावधी) ५०० मिलिसेकंदांच्या वर असेल किंवा पोटॅशियम पडलेले असेल तर हॅलोपेरिडॉल नको. स्नायूतून ओलान्झापिन दिले असेल तर निदान तासभर बेन्झो इंजेक्शन देऊ नका, श्वास दबतो. इंजेक्शननंतर पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन मोजून लिहा. झोपला म्हणजे बरा झाला, असे समजून पडदा ओढून घेतला जातो, आणि उलटी श्वासनलिकेत जाते ती त्या पडद्याआड.

धरायची वेळ आलीच तर पाच माणसे लागतात : दोन हातांना दोन, दोन पायांना दोन, आणि डोक्याजवळ एक, ज्याचे काम फक्त श्वास बघणे आणि रुग्णाशी बोलणे. पालथा घालू नका. पाठीवर गुडघा देऊ नका. मानेवर हात नको. घामाघूम, तापलेला, जिवाच्या आकांताने झटापट करणारा माणूस अचानक शांत झाला तर तो दमला असे धरू नका, आधी श्वास बघा. बांधणे हा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ९७नुसार शेवटचा उपाय आहे : तत्काळ धोका टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेइतकाच वेळ, आणि नोंद ठेवून. एकांतात कोंडणे आणि साखळदंड तर पूर्ण निषिद्ध आहेत. ‘आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत’ म्हणून रात्री दोन वाजता येरवड्याच्या मनोरुग्णालयाचा रस्ता दाखवणाऱ्या रुग्णालयांनी याच कायद्याचे कलम ९४ वाचावे. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. आधी शरीर स्थिर करा, मग पाठवा.

आता प्रश्न विचारण्याची पद्धत. ‘गांजा ओढतोस का?’ हा चुकीचा प्रश्न आहे. आई शेजारी उभी असताना तर फारच चुकीचा. नातेवाइकांना पाणी आणायला, केसपेपर काढायला पाठवा आणि खालच्या आवाजात विचारा : ‘गेल्या तीन दिवसांत काहीही ओढलंस, व्हेप केलंस, गोळी, पावडर, कागद? कशातून? कोणी दिलं? सोबत किती जण होते, त्यांना काय झालं? यापूर्वी असं कधी झालं होतं?’ आणि आधीच सांगून टाका की हे उपचारासाठी विचारतोय. व्यसनाच्या उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्याला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४-अ खाली, थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे कलम आमच्या अनुभवात रुग्णालयांनाच सगळ्यात कमी माहीत असते.

नमुना ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. पहिले इंजेक्शन देण्याआधी जमले तर लघवी घ्या, कारण नंतर पट्टीवर बेन्झोची चौकट पॉझिटिव्ह आली तर ती त्याने घेतलेल्या गोळीची की आपण दिलेल्या इंजेक्शनची, ते कळत नाही. पट्टीसाठी थोडी वापरून उरलेली निदान ३० मिलिलिटर लघवी स्वच्छ डबीत घट्ट बंद करा. फ्लोराइडच्या करड्या टोपीच्या नळीत ५ मिलिलिटर रक्त घ्या. दोन्हींवर तारीख आणि वेळ लिहा, फक्त तारीख पुरत नाही. उणे २० अंशांवर ठेवा. बहुतेक रक्तपेढ्यांत असा फ्रीझर असतो. कृत्रिम कॅनाबिनॉइड शोधायला रेणू वेगळे करून ओळखणारे एलसी-एमएस यंत्र लागते आणि ते यंत्रही ज्याचा संदर्भ-नमुना त्याच्याकडे आहे तेच ओळखते. म्हणून प्रयोगशाळेला ‘ड्रग स्क्रीन’ असे न लिहिता ‘कृत्रिम कॅनाबिनॉइड आणि त्यांची मेटाबोलाइट्स’ असे लिहा. मूळ रेणू शरीरातून लवकर नाहीसा होतो, त्याच्या विघटनातून बनलेली मेटाबोलाइट्स उरतात. ब्रुकलिनमध्ये ज्या आठ जणांचे नमुने तपासले त्यांच्यात मूळ रेणू नव्हे, त्याचे विघटन होऊन बनलेले आम्ल सापडले होते.

मुलाच्या खिशात पुडी किंवा व्हेप सापडले तर ते सिंकमध्ये फेकू नका आणि हुंगूनही बघू नका. हातमोजे घालून, वेगळ्या पाकिटात, सील करून, दोघांच्या सह्या घेऊन ठेवा. इथे पोलीस आयुक्तांकडे आमची स्पष्ट विनंती आहे : रुग्णालयातून आलेली पुडी रासायनिक विश्लेषणासाठी न्यायसहायक प्रयोगशाळेत जावी, पण ती आणून देणाऱ्या बापावर किंवा मित्रावर त्या रात्री गुन्हा दाखल होऊ नये. एकदा तसे झाले की पुढच्या दहा घरांतल्या पुड्या संडासात जातील आणि बाजारात काय फिरतेय हे कुणालाच कळणार नाही.

पोलिसांसाठी आणखी दोन गोष्टी. ११२वर ‘एक मुलगा गच्चीवर आरडाओरडा करतोय’ असा फोन येतो तेव्हा पहिल्या पोचणाऱ्या बीट मार्शलला हे माहीत हवे की २०१७च्या कायद्यात अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत येतात. म्हणजे कलम १०० लागू होते. आजारामुळे जो स्वतःला किंवा इतरांना धोका ठरू शकतो त्याला संरक्षणात घ्यायचे आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे. कोठडीत ठेवायचे नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही, असे कायदा म्हणतो. आणि गच्चीवर पोचल्यावर सायरन, टॉर्च आणि पाच जणांचा एकदम गलका बंद. एकानेच बोलायचे, मराठी-हिंदी जे त्याला कळते त्यात, हात दिसतील असे ठेवून, छोट्या वाक्यांत. त्याच्या भ्रमाशी वाद घालायचा नाही आणि त्याला होही म्हणायचे नाही. ‘तुला भीती वाटतेय, मी इथे आहे, आपण खाली दवाखान्यात जाऊ.’

वसतिगृहांसाठी आणि कर्वेनगर, सदाशिव पेठ, हिंजवडीकडच्या कॉट बेसिसवरच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांसाठी : मित्राला असे झाले तर त्याला दोघांच्या मध्ये बसवून ट्रिपल सीट दवाखान्यात नेऊ नका. चालत्या गाडीवरून उडी मारलेली माणसे ऑर्थोपेडिक वॉर्डात येतात. १०८ला फोन करा. खोलीला बाहेरून कडी घालू नका, गॅलरीचे आणि गच्चीचे दार मात्र बंद करा. लिंबूपाणी, तूप, दही, मिठाचे पाणी काही पाजू नका. अर्धवट शुद्धीत ते फुप्फुसात जाते. ‘उतरेल’ म्हणून थंड पाण्याची बादली ओतू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा, तोंड थोडे खाली. पुडीचा, व्हेपचा फोटो काढा आणि सोबत जा. रेक्टरांना आमचे एवढेच म्हणणे : तुमच्या नियमावलीत एक वाक्य घाला की मदतीसाठी फोन करणाऱ्या विद्यार्थ्यावर त्या फोनमुळे कारवाई होणार नाही. आज मुले तासभर फोन करत नाहीत, त्याचे कारण बहुतेक वेळा होस्टेलमधून काढतील ही भीती असते.

दुसऱ्या दिवशी मुलगा उठतो, चहा मागतो, लाजतो. सगळ्यांना हायसे वाटते. इथे दुसरी मोठी चूक होते. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात नशेमुळे सायकोसिस झालेल्यांपैकी साधारण चारांत एकाला पुढे स्किझोफ्रेनिया झाल्याचे दिसले; गांजाच्या गटातल्या सायकोसिसमध्ये हे प्रमाण ३४ टक्के होते. म्हणजे तिघांत दोघांना तो होत नाही, हेही तितकेच खरे, आणि म्हणूनच पहिल्या रात्रीचे लेबल घाईचे ठरते. घरात कुणाला सायकोसिस असेल, वय कमी असेल, किंवा त्या रात्रीच्या आधी काही महिने अभ्यास सुटला, मित्र तुटले, संशय वाढला असे असेल, तर काळजी जास्त घ्या. नशा थांबून महिना उलटला तरी भ्रम टिकून असतील तर स्वतंत्र मानसिक आजार धरून उपचार करावे लागतात. निदानाचा कोडही नीट घाला. आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत कृत्रिम कॅनाबिनॉइडला ६सी४२ असा वेगळा गट आहे, गांजा ६सी४१मध्ये येतो. सगळे ‘गांजा’मध्ये ढकलले की शहराच्या आकड्यांत हा प्रश्न अस्तित्वातच राहत नाही.

सुटीच्या कागदावर ‘एसओएस (गरज पडली तरच) या’ असे लिहू नका. आमचा आग्रह असा : तिसऱ्या दिवशी फोन, आठव्या दिवशी प्रत्यक्ष भेट, मग पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिने दर महिन्याला, आणि दोन वर्षे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी. सायकोसिसची गोळी बरे वाटले म्हणून आठव्या दिवशी घरच्यांनी बंद करू नये. किती आठवडे द्यायची आणि कशी उतरवायची हे डॉक्टरांनी तारखेसह लिहून द्यावे. झोप हा पहिला इशारा. सलग दोन रात्री झोप नाही, खोलीचे पडदे सतत बंद, जेवणावर संशय, ही तीन चिन्हे आईला कागदावर मराठीत लिहून द्या. नशा उतरल्यावर येणारी उदासी आणि शरम जीवघेणी असू शकते. ‘मरावंसं वाटतं का?’ हे थेट विचारा, विचारल्याने कुणी मरत नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे क्रमांक त्याच कागदावर असावेत.

आणि व्यसनमुक्ती केंद्र. पुण्याला या कामाची परंपरा आहे. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून येरवड्यात उभे आहे. पण भास चालू असलेल्या मुलाची पहिली जागा व्यसनमुक्ती केंद्र नव्हे, रुग्णालय. ओमनी गाडी पाठवून मुलाला झोपेतून उचलून नेणारी, नोंदणी नसलेली केंद्रे तर अजिबात नको. ज्याला आधीच वाटतेय की लोक आपल्याला पळवून नेणार आहेत, त्याला खरोखरच पळवून नेल्यावर तो पुन्हा कोणत्या डॉक्टरवर विश्वास ठेवेल?

दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांकडे शेवटची मागणी. डेंग्यूचे आणि स्वाइन फ्लूचे रुग्ण रुग्णालये तुम्हाला कळवतात, ती वाट तयार आहे. तिच्यात एक रकाना वाढवा : अचानक सायकोसिस, वय १३ ते ३५, नशेचा संशय, पट्टीचा निकाल, नमुना राखला का. रुग्णाचे नाव नको. एका रात्रीत शहराच्या एकाच भागातून असे तीन रुग्ण आले, तर सकाळी नऊच्या आत सगळ्या कॅज्युअल्टींना एक संदेश जावा : कोणता भाग, पुडी की व्हेप, कोणती लक्षणे, काय तपासायचे. राखून ठेवलेले नमुने महिन्यातून एकदा एलसी-एमएस असलेल्या प्रयोगशाळेत पाठवण्याचा करार करा. या पत्रासोबत कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावता येईल असा एका पानाचा मराठी तक्ता आम्ही तयार करून देऊ, रात्रपाळीच्या परिचारिका आणि इंटर्न यांना शिकवायलाही येऊ. वेळ रात्री आठची ठेवा. त्या वेळी पाळी बदलते आणि दोन्ही पाळ्यांचे लोक एका ठिकाणी सापडतात.

आपले,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मानसोपचार, परिचर्या आणि व्यसनमुक्तीचे काम करणारे काही जण